कमरेला पिस्तूल आणि कानात इअरफोन

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणाऱ्यांवर तुम्ही मोठा लेख छापलात, तो नीट वाचला आणि खरं सांगायचं तर वाचून जरा धास्तीच वाटली. कुठलं मॉडेल हलकं, खिशात काय बसतं, पर्समध्ये काय बसतं, मॅगझिनमध्ये किती काडतुसं मावतात, सगळी माहिती होती, आणि शेवटी म्हटलं होतं की शस्त्र जवळ असलं की माणूस निर्धास्त फिरू शकतो. माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या वाक्यावर आहे, बाकी लेख वाईट नव्हता.

मी बरीच वर्षं सशस्त्र सुरक्षारक्षकांना हत्यार हाताळायला शिकवायचं काम केलंय, आता रिटायर आहे. लायसन्स कुणाला द्यावं, कुणाला देऊ नये, कुठल्या देशात काय कायदा यात मी पडत नाही, ज्यांच्याकडे रीतसर परवाना आहे आणि जे हत्यार घेऊन चारचौघांत वावरतात त्यांच्यापुरतंच बोलतोय. आणि बोलायचंय ते एवढंच, की कमरेला पिस्तूल आलं की माणसाचं काम वाढतं. आधी फक्त स्वतःला सांभाळायचं होतं, आता स्वतःलाही सांभाळायचंय आणि त्या पिस्तुलालाही, आणि तेही सतत, म्हणजे जेवताना, रांगेत उभं असताना, टॉयलेटमध्ये सुद्धा. पण बहुतेकांचं होतं उलटंच, हत्यार आलं की लक्ष सुटतं, काय होईल ते होईल, आपल्याकडे आहे ना!

टॉयलेटचं गमतीने नाही म्हटलं. पिस्तूल काय छत्री आहे का विसरून यायला, असं कुणालाही वाटेल, पण २०२३ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर सिक्युरिटी चेकिंगला प्रवाशांकडे ६,७३७ बंदुका सापडल्या आणि त्यातल्या साधारण ९३ टक्के भरलेल्या होत्या. आता हे सगळे काही दहशतवादी नव्हते हो, बॅगेत आहे हे लक्षातच नव्हतं हे तिथलं नेहमीचं उत्तर. भरलेलं पिस्तूल बॅगेत आहे आणि माणसाला पत्ता नाही, आणि हाच माणूस म्हणणार की वेळ आली तर मी सेकंदात काढेन. कशाच्या जोरावर काढणार? आणि शिकलेल्या लोकांचंही फार वेगळं नाही, २०१५ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकन संसदेच्या इमारतीत बड्या नेत्यांच्या बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांची पिस्तुलं टॉयलेटमध्ये राहून गेली, एक तर कमोडच्या सीटवर घालायचे कागद ठेवतात त्या डब्यात खुपसलेलं सापडलं, आणि एक सापडलं ते पाहुणे म्हणून आलेल्या कुटुंबातल्या सातआठ वर्षांच्या पोराला.

हे का होतं ते या कामातल्या माणसाला लगेच कळतं. पट्टा सैल केला की होल्स्टरला, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या कमरेच्या म्यानाला, आधार राहत नाही, पिस्तूल लोंबायला लागतं, मग माणूस ते काढून हुकला अडकवतो नाहीतर फ्लशच्या टाकीवर ठेवतो, फोन वाजतो, हात धुतो, जातो निघून. म्हणून आमच्याकडे सरळ नियम होता, पिस्तूल होल्स्टरमधून काढायचंच नाही, पट्ट्यासकट होल्स्टर खाली उतरलेल्या पँटमध्येच, दोन पायांच्या मधे, डोळ्यासमोर. तिथे असलं की विसरून उठताच येत नाही. आणि हो, शेजारच्या खणातल्या माणसाला फटीतून दिसणार नाही एवढं बघायचं. दिसायला हास्यास्पद आहे, कबूल, पण हसून घ्या आणि तसंच करा.

पर्सबद्दल मात्र मला हसू येत नाही. तुमच्या लेखात पर्समध्ये ठेवायचं पिस्तूल हा एक वेगळा चौकोनच होता. ३० डिसेंबर २०१४ ला अमेरिकेत आयडाहो राज्यात हेडन नावाच्या गावात एक बाई मोठ्या स्टोअरमध्ये खरेदी करत होती, ट्रॉलीत तिचा दोन वर्षांचा मुलगा बसलेला, बाजूला तिची पर्स, आणि ती पर्स काही साधी नव्हती, पिस्तूल ठेवायला मुद्दाम वेगळा चेनचा कप्पा असलेली होती. मुलाने चेन उघडली, हात घातला, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. परवाना होता, सवय होती, सगळं होतं. पर्स ही खाली ठेवायची वस्तू आहे, खुर्चीला अडकवायची वस्तू आहे, चोर आधी हिसकावतो ती वस्तू आहे, तेव्हा हत्यार अंगावर ठेवता येत नसेल तर त्या दिवशी ते घरी कुलुपात ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे आणि यात मला कुणाशी वाद घालायचा नाही.

आता मूळ मुद्दा, लक्ष. जेफ कूपर म्हणून एक अमेरिकन मरीन अधिकारी होता, त्याने १९७६ मध्ये ॲरिझोनात पिस्तूल शिकवायची शाळा काढली, त्याचे चार रंग आजही ठिकठिकाणी शिकवले जातात. पांढरा म्हणजे माणूस आपल्याच तंद्रीत, आजूबाजूला काय चाललंय त्याचा पत्ता नाही. पिवळा म्हणजे निवांत आहे पण जागा आहे. नारिंगी म्हणजे एखाद्या ठराविक माणसावर नजर अडकली, हे काहीतरी बरोबर दिसत नाहीये. लाल म्हणजे मनाशी पक्कं झालं की याने अमुक केलं तर मी तमुक करणार. पुष्कळ लोक समजतात की बाहेर धोका किती आहे ते हे रंग सांगतात, तसं नाहीये, रंग आपल्या डोक्याचे आहेत. बाहेर अगदी सामसूम असली तरी हत्यार अंगावर असेपर्यंत डोकं पिवळ्याच्या खाली उतरता कामा नये. आणि पिवळा म्हणजे टेन्शन नव्हे, हे मला पोरांना सारखं सारखं सांगावं लागायचं, नवीन पोरगा पहिल्या आठवड्यात असा फिरतो जणू प्रत्येक खांबामागे कुणीतरी दबा धरून बसलंय, आणि दुसऱ्या आठवड्यात दमून मोबाइल बघत बसतो. दिवसभर ताणून धरता येत नाही, कुणालाच नाही.

मग पिवळं राहायचं म्हणजे करायचं काय? खरं तर फार काही नाही. दार ओलांडताना एक क्षण थांबून समोर नजर फिरवायची, बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बघून ठेवायचं, बसताना शक्यतो दार दिसेल असं बसायचं. लोकांचे चेहरे बघण्यापेक्षा हात बघायचे, कारण चेहरा कितीही रागीट असला तरी इजा करतो तो हात, आणि जो हात खिशातून बाहेर येत नाहीये किंवा उगाच मांडीमागे लपलाय तो दोन वेळा बघायचा. त्या जागेला आणि त्या वेळेला न शोभणारं काय आहे ते बघायचं, म्हणजे सगळे एका दिशेने चाललेत आणि एक जण उभा आहे, उकाड्यात जाड जॅकेट आहे, आपण थांबलो की तो थांबतोय आणि वळलो की वळतोय. यातलं काहीही एकटं असेल तर त्याला काही अर्थ नाही बरं का, जॅकेटवाल्याला ताप आलेला असू शकतो, पण दोनतीन गोष्टी एकत्र आल्या की रस्ता बदलायला कुणाची परवानगी लागत नाही.

सगळ्यात कच्च्या जागा म्हणजे जिथे आपण एक काम सोडून दुसरं सुरू करतो त्या, गाडीचं दार उघडताना, एटीएममधून पैसे काढताना, लिफ्टची वाट बघताना, कुलपात चावी घालताना. डोळे खाली असतात आणि हात गुंतलेले. गाडीत बसून आधी सीटबेल्ट, मग एसी, मग गाणं, मग मेसेज बघणारे कितीतरी लोक आहेत, दार लॉक करायचं सगळ्यात शेवटी. आणि इअरफोन! कमरेला पिस्तूल आणि दोन्ही कानांत इअरफोन असा माणूस मी बघितलाय, एक नाही अनेक, आणि मला दरवेळी वाटतं की याच्यापेक्षा हात मोकळे आणि कान उघडे ठेवून चालणारी कॉलेजची मुलगी जास्त सुरक्षित आहे.

आणि बघणं म्हणजे दिसणं असंही नाही. १९९९ मध्ये सायमन्स आणि शॅब्री या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता तो आता बऱ्याच लोकांना माहितीये, व्हिडिओमध्ये काही लोक एकमेकांना बास्केटबॉल पास करतायत, बघणाऱ्याने पास मोजायचे, आणि मधेच गोरिलाचा पोशाख घातलेलं कुणीतरी येऊन छाती बडवून निघून जातं. बघणाऱ्यांतल्या जवळजवळ अर्ध्यांना गोरिला दिसलाच नाही. डोळे उघडे, नजर पडद्यावर, तरी नाही. आता फोनवर मेसेज टाइप करत चालणाऱ्याला काय काय दिसत नसेल याचा विचार करा. पण यात शस्त्रवाल्यांसाठी अजून एक गोष्ट आहे, ज्याचं डोकं धोक्याच्या एकाच माणसावर अडकलं त्यालाही बाजूचा दुसरा दिसत नाही, त्यावर पुढे येतो.

आधी वेळेचा हिशोब, कारण लेखात हाच भाग नव्हता. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांत डेनिस ट्यूलर नावाचा एक सार्जंट होता, त्याने १९८३ मध्ये हिशोब मांडला की चाकू घेतलेला साधा धडधाकट माणूस २१ फूट, म्हणजे साडेसहा मीटरच्या आसपास अंतर, साधारण दीड सेकंदात कापतो, आणि तयारीच्या माणसालाही पिस्तूल काढून नीट गोळ्या झाडायला तेवढाच वेळ लागतो. लोकांनी नंतर याचा नियमच करून टाकला की २१ फुटांच्या आत आला की झाडा, ते साफ चुकीचं आहे, त्याचं म्हणणं होतं की तेवढ्या अंतरावर तुम्ही आधीच अडचणीत असता. आणि हा दीड सेकंद उघड्या होल्स्टरमधून, समोरचा येणार हे माहीत असताना. शर्टाखालून काढायचं असेल, शर्ट आधी वर करायचा असेल, हातात पिशवी असेल, काय चाललंय हे कळायलाच एक सेकंद गेला असेल तर दीड सेकंदाचे तीन होतात, आणि पिस्तूल कितीही भारी घेतलं तरी हा वेळ कमी होत नाही. तो कमी होतो फक्त आधी दिसल्याने. ५० फुटांवर दिसला तर आपल्याकडे पर्याय असतात, दुकानात शिरता येतं, रस्ता ओलांडता येतो, मधे गाडी नाहीतर खांब ठेवता येतो, मोठ्याने ओरडता येतं, पळता येतं. पळून जाणं हे शस्त्र असलेल्या माणसालाही शोभतं, उलट त्यालाच जास्त शोभतं.

लेखासोबतच्या फोटोबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, माफ करा. फोटोतल्या मॉडेलने पिस्तूल असं धरलंय की बोट ट्रिगरवर आणि नळी स्वतःच्याच गुडघ्याकडे. हत्यार हाताळायचे चार नियम आहेत, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावर नळी न्यायची नाही, निशाणा धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि आपण कशावर झाडतोय व त्याच्या पलीकडे काय आहे हे माहीत हवं. एका फोटोत पहिले तीन मोडलेत, चौथा फोटोत दिसत नाही म्हणून वाचला.

होल्स्टरवर थोडक्यात सांगतो, लेखात ते शोभेची वस्तू असल्यासारखं आलं होतं. ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक, हत्यार घट्ट धरून ठेवणारं होल्स्टर नसेल तर पिस्तूल बाळगूच नये. प्लॅक्सिको बरेस नावाच्या अमेरिकन फुटबॉलपटूने नोव्हेंबर २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नाइटक्लबमध्ये ट्रॅक पँटच्या इलॅस्टिकमध्ये पिस्तूल खोचलं होतं, ते पायातून घसरलं, तो पकडायला गेला, गोळी मांडीत, आणि वर दोन वर्षांची शिक्षा, कारण तिथला परवाना नव्हता. घसरतं पिस्तूल कधीही झेलायला जायचं नाही, पडू द्यायचं, आताची चांगली पिस्तुलं पडल्यावर उडू नयेत अशी बनवलेली असतात पण झेलणारं बोट नेमकं ट्रिगरमध्ये जातं. २०१८ मध्ये डेन्व्हरला सुट्टीवर असलेला एफबीआयचा एक एजंट नाचताना उलटी कोलांटी मारायला गेला, पिस्तूल पडलं, तो ते उचलायला गेला आणि गोळी सुटली ती दुसऱ्याच माणसाच्या पायात. पडल्याने नाही सुटली, उचलताना सुटली. तसंच परत होल्स्टरमध्ये घालताना, तिथे कसलीही घाई नसते तरी लोक घाई करतात आणि शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी ट्रिगरमध्ये अडकते. बघून, सावकाश, बस.

आणि हात लावत बसू नका. नवीन माणसाला दर दोन मिनिटांनी कमरेला हात लावून बघायची सवय असते, आहे ना, सरकलं तर नाही ना, खुर्चीतून उठला की शर्ट खाली ओढणार, गर्दीत शिरला की कोपर आत दाबणार. त्याला वाटतं कुणाला कळत नाही. ज्याला कळायला नको त्याला सगळ्यात आधी कळतं, आणि मग तुम्ही त्याच्यासाठी अवघड सावज नसता, फुकट पिस्तूल असता. अमेरिकेत कामावर मारल्या गेलेल्या पोलिसांच्या नोंदी एफबीआय ठेवते, त्यात स्वतःच्याच हत्याराने मारले गेलेल्यांची वेगळी मोजदाद असते, यावरूनच समजा. गर्दीत हत्याराची बाजू भिंतीकडे ठेवायची, रांगेत मागच्याला कमरेपर्यंत येऊ द्यायचं नाही, कुणी अंगाला खेटून वेळ किंवा पत्ता विचारला तर उत्तर द्यायच्या आधी एक पाऊल मागे आणि हत्याराची बाजू लांब. उद्धटपणा वाटला तर वाटू द्या.

आता मघाशी म्हटलेला, बाजूचा न दिसणारा तो दुसरा माणूस. ८ जून २०१४ ला लास वेगासमध्ये एका नवराबायकोने दोन पोलिसांना मारलं आणि ते दोघं जवळच्या वॉलमार्टमध्ये शिरले. नवऱ्याने हवेत गोळी झाडली. तिथे खरेदीला आलेल्या एका माणसाकडे परवान्याचं पिस्तूल होतं, तो बाहेर जाऊ शकत होता पण थांबला, हल्लेखोराच्या मागे गेला, आणि जाताना एका बाईला ओलांडून गेला, तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. ती हल्लेखोराची बायको होती, तिने त्याला गोळी घातली. शूर माणूस होता, त्याच्या शौर्यावर मी एक अक्षर बोलणार नाही, पण आम्ही ही घटना शिकवायचो ती याच कारणासाठी की एक दिसला की दुसरा शोधायचा, आणि दुसरा हा बहुतेक वेळा गिऱ्हाइकासारखाच दिसतो. भीतीत शरीर आपल्याला मदत करत नाही, नजर बोळातून बघितल्यासारखी होते, आवाज येईनासे होतात, जवळ झाडलेल्या गोळीचा आवाज सुद्धा कधीकधी लांबून आल्यासारखा वाटतो, बोटं जाड झाल्यासारखी वाटतात. त्यामुळे मान वळवून डावीउजवीकडे बघायची सवय आधीच लावून घ्यावी लागते, त्यावेळी सुचत नाही.

आणि मागची माणसं. २४ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या समोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या, तो मेला, पण रस्त्यावरचे नऊ लोक जखमी झाले, आणि त्या नऊही जणांना लागलं ते पोलिसांच्याच गोळ्यांनी किंवा त्यांच्या उडालेल्या तुकड्यांनी. प्रशिक्षण घेतलेले, रोज हत्यार बाळगणारे लोक होते ते. आपण वर्षातून एकदा पुठ्ठ्याच्या टार्गेटवर पन्नास काडतुसं संपवून येतो, टार्गेट हलत नाही, उलट झाडत नाही, आणि त्याच्या मागे मातीचा बांध असतो. बाजारात मागे बांध नसतो. गोळी माणसातून, पातळ भिंतीतून, गाडीच्या दारातून पलीकडे जाते आणि ती कुठे गेली याची जबाबदारी झाडणाऱ्याची, कायद्यानेही आणि तसंही.

समजा सगळं नीट झालं, तरी पोलीस यायचे असतात. २१ जून २०२१ ला कोलोरॅडोतल्या अरवाडा गावात एका बंदूकधाऱ्याने पोलिसाला मारलं, तिथल्या एका साध्या नागरिकाने स्वतःच्या पिस्तुलाने त्या हल्लेखोराला पाडलं, कितीतरी जीव वाचवले असतील त्याने, आणि मग हल्लेखोराची रायफल उचलून हातात धरली. तेवढ्यात दुसरा पोलीस आला, त्याला रायफल घेतलेला माणूस दिसला, त्याने गोळी घातली. येणाऱ्या पोलिसाला तुम्ही कोण ते माहीत नसतं, त्याला फोनवर एवढंच सांगितलेलं असतं की हातात बंदूक आहे. म्हणून धोका संपला असेल तर हत्यार परत होल्स्टरमध्ये, दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नाही, फोन स्वतः करायचा आणि आपले कपडे काय आहेत ते सांगायचं, आणि पोलीस आले की हात रिकामे, वर, बोटं पसरलेली. ते ओरडले, जमिनीवर पाडलं, बेड्या घातल्या तरी त्यावेळी वाद नाही, सगळं नंतर सांगता येतं. हातात पिस्तूल असताना आवाज आला म्हणून त्या दिशेने वळायचं तर मुळीच नाही, शरीर वळलं की नळी पण वळते.

भांडणाबद्दल लेखात एक ओळ सुद्धा नव्हती, आणि माझ्या मते बाळगणाऱ्याला सगळ्यात जास्त हेच शिकायला हवं. गाडीला गाडी घासली, कुणी शिवी दिली, रांगेत कुणी पुढे घुसलं, ज्याच्या कमरेला काही नाही तो चार शब्द बोलून घेऊ शकतो, झटापट झाली तर झाली. ज्याच्या कमरेला पिस्तूल आहे त्याच्या प्रत्येक झटापटीत एक पिस्तूल असतं, दोघांपैकी कुणाच्याही हातात जाऊ शकेल असं. त्यामुळे त्याने शिवी गिळायची, सॉरी म्हणायचं, चूक समोरच्याची असली तरी. मी पोरांना सांगायचो, ज्याला हे जमत नाही त्याने लाठी घेऊन ड्युटी करावी, त्यात काही कमीपणा नाही. पाकीट मागितलं तर पाकीट द्या, फोन द्या, गाडी सुद्धा द्या, पिस्तूल वस्तूंसाठी नसतं, जीव जायची वेळ आली आणि दुसरा मार्ग उरला नाही तेव्हासाठी असतं. दाखवून धाक घालण्यासाठी तर नाहीच, काढून नुसतं दाखवलं तरी बऱ्याच ठिकाणी तो गुन्हा होतो आणि समोरच्यालाही काढायचं कारण मिळतं. दारू आणि हत्यार एका दिवशी नाही, एक पेग पण नाही, याच्यावर चर्चा करायची गरज वाटत नाही. झोपेच्या गोळ्या, खोकल्याची गुंगी आणणारी औषधं यांचंही तेच, ते मात्र लोकांच्या लक्षात येत नाही.

घरी आल्यावरचा एक मुद्दा राहिला. रोज रात्री पिस्तूल रिकामं करायचं आणि रोज सकाळी भरायचं, ही सवय चांगली वाटते पण जितक्या वेळा हत्यार हाताळाल तितक्या वेळा चूक व्हायची जागा तयार होते, शिवाय तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, घातलं की ठोकर बसून बसून गोळी काडतुसाच्या कवचात आत दबत जाते आणि झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो, म्हणून वरचं काडतूस अधूनमधून बदलायचं, बाजूच्या नव्या काडतुसाशी उंची ताडून बघायची. जमत असेल तर होल्स्टरसकट, न काढता, तसंच कुलूपबंद पेटीत ठेवणं बरं. रिकामं करायचंच असेल तर आधी मॅगझिन बाहेर आणि मग चेंबर, उलटं केलं की मॅगझिनमधलं पुढचं काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसतं आणि माणूस समजतो रिकामं झालं. डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, टीव्ही बंद करून, एकट्याने, गप्पा मारत नाही.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे असं तुम्ही खाली छापलंय. त्यात मॉडेलांची यादी थोडी आवरून जागा निघाली तर घरातल्या पेटीवर जरूर काहीतरी द्या, कुठलं कुलूप पोरांना उघडता येत नाही, चावी कपड्यांच्या खणात ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखं का आहे, पाहुणे आले की काय करायचं, आणि एखाद्या जाणत्या शिक्षकाला तो मजकूर छापायच्या आधी एकदा दाखवून घ्या. फोटो काढणार असाल तर मी फुकट येऊन उभा राहायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शस्त्रप्रशिक्षक